तांबट आळीतल्या काकांना, हातोडा खाली ठेवल्याबद्दल

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. तुम्ही मोबाइल फक्त नातवाचे फोटो बघायला हातात घेता, तेव्हा हे पत्र सूनबाईच तुम्हाला वाचून दाखवणार. सूनबाई, जरा मोठ्याने वाचा. आयुष्यभर तांबं ठोकून त्यांचा उजवा कान गेलाय आणि ते कबूल करत नाहीत.

काल इंदूरच्या एका ताईंचा निरोप आला. जाळी चपखल बसली, बंब पेटला आणि सासूबाई पंधरा वर्षांनी बंबाच्या पाण्याने न्हाल्या. सोबत अंगणातल्या धुराचा फोटो. धुराचा फोटो बघून रडणारी मी पहिलीच असेन. गॅसवरची मेथी करपली ती करपलीच. तेव्हाच ठरवलं, आता हे लिहायचंच.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी बंबाचे, म्हणजे जाळावर अंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचे, सुटे भाग ऑनलाइन विकते. तोट्या, झाकणं, बिडाच्या जाळ्या, चिमणीच्या टोप्या. हसून घ्या. आमच्याकडे सगळे हसून झालेत.

त्याआधी मी शहाण्या माणसांचं ऐकलं होतं. इथे नाशिकला कॉलेज रोडवर काचेच्या वर्गात ३५ हजार भरून ऑनलाइन धंदा शिकले. पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, छोटा कोपरा पकडा, जिथे गर्दी नाही तिथे दुकान मांडा. वा! आणि तिसऱ्या आठवड्यात आम्हा चाळीस जणांना मोबाइलची कव्हरं विकायला लावली. एकाच घाऊकवाल्याकडची. गर्दी नसलेल्या कोपऱ्यात चाळीस माणसं. नंतर सरांचा फोन कायम व्यस्त.

मग पितळी समया विकून पाहिल्या. मुरादाबादचा माल माझ्या खरेदीच्या भावापेक्षा खाली विकला जात होता. त्यात कुरियरवाले वजनाबरोबर खोकंही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं आणि येईल तो आकडा किलो धरायचा. खऱ्या वजनापेक्षा तो जास्त भरला तर पैसे त्याचे. उंच समईच्या खोक्यात निम्मी हवा, आणि त्या हवेचं भाडं मी भरत होते. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत समया किती गेल्या ते सोडा. पण तीन अनोळखी माणसांनी समयांच्या फोटोंखाली एकच गोष्ट विचारली होती. सांगलीकडच्या एका गुरुजींना बंबाची तोटी हवी होती, बेळगावच्या एकाला झाकण, आणि मध्य प्रदेशातल्या एकाला 'हमाम की जाली'. तो हमाम म्हणजे आपला बंबच, हे मला फोटो बघून कळलं. तिघांच्या घरात तांब्याचा बंब धडधाकट होता, पाच-पन्नास रुपयांच्या तुकड्यावाचून माळ्यावर पडलेला. एका गावात असं गिऱ्हाईक एखादंच. त्याच्यासाठी कुठला दुकानदार तोट्या भरून ठेवील? पण शंभर गावांतली ती एकेक माणसं एका ठिकाणी आली, तर? आणि त्याला तोटीच हवी असते, तोटीसारखं काही चालत नाही. तो घासाघीस करत नाही, कधी मिळेल एवढंच विचारतो.

हे घेऊन मी बाजारात हिंडले. एका बड्या भांडेवाल्याने नोकरांना बोलावून माझा प्रश्न पुन्हा विचारायला लावला, करमणूक म्हणून. "गिझरच्या जमान्यात बंब?" दुसरे म्हणाले, एका मापाच्या शंभर तोट्या घ्या, मग बोलू. हाताने घडवलेले दोन बंब कधी एका मापाचे असतात का? भांड्यांत जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळू नये!

त्याच दुपारी तुमच्या उंबऱ्याशी उभी राहिले. तुम्ही घंगाळ मठारत होतात, म्हणजे ठोक्याला ठोका लावून घडवत होतात. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला, सांगलीचे गुरुजी. ठोक्यांत काही ऐकू येईना, मी कानावर हात दाबून ओरडत होते, "तोटी झाळलेली आहे की आट्यांची?" म्हणजे डाख देऊन जोडलेली, की फिरवून बसवायची. घरी फोन आला की मला 'जरा हळू बोल' ऐकायची सवय. त्यामुळे मी आपणच बाहेर निघाले.

तेव्हा तुम्ही हातोडा खाली ठेवलात. नुसता ठेवला नाहीत, शेजारच्या फळीवर हाताने दोनदा थाप मारलीत आणि म्हणालात, "थांबा रे. ताईंचं गिऱ्हाईक आहे फोनवर." शेजारचा हातोडा थांबला. मग त्याच्या पलीकडचा. गुरुजी अकरा मिनिटं बोलले, तोटीपेक्षा बंबाबद्दलच जास्त. तेवढा वेळ तीन दुकानांतली माणसं हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिली. एका तोटीसाठी, जिच्यात त्यांचा काही वाटा नव्हता.

काका, त्या दिवसापर्यंत मी जे करत होते त्याला घरात 'मोबाइलवर बसणं' म्हणत. माझ्या गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणणारे तुम्ही पहिले. पुढे तुम्ही मला पुष्कळ काही दिलंत, पण ती अकरा मिनिटं वेगळी.

मापाची युक्तीही तुमचीच. तुमच्या वडिलांच्या हातची पुठ्ठ्याची मापं पुतण्याच्या दुकानात होती, भांडी बाजारात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात गोदावरी नदीपात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेली, तेव्हा त्या मापांचा लगदा झाला. दुसरा कोणी ते रडगाणं वर्षभर गायला असता. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. गिऱ्हाइकालाच माप काढू दे. जाळीची जागा वर्तमानपत्रावर दाबायची, पेन्सिलीने रेघ मारायची, कागद पाठवायचा." आता माझ्याकडे मराठी, कन्नड, गुजराती, हिंदी वर्तमानपत्रांचे गोल कापलेले कागद आहेत, प्रत्येकावर गावाचं नाव. तेव्हापासून माल परत येणं जवळजवळ थांबलं. ३५ हजारांच्या वर्गात हे नव्हतं.

एक दुखणं अजून आहे. एकदा जाळी बसली की ते गिऱ्हाईक दहा वर्षं फिरकत नाही. त्यावर तुम्ही कल्हई सुचवलीत, पण ती पार्सलमध्ये कशी घालायची ते दोघांनाही सुचलेलं नाही. सध्या प्रत्येक खोक्यात तुमचं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून घालते, "आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब पेटवला तर झाळ सुटेल." त्या चिठ्ठीमुळे लोक ओळखीच्यांचे नंबर पाठवतात. दिवाळीच्या आधी तर फोन थांबत नाही, नरक चतुर्दशीला सगळ्यांना बंब आठवतो.

माणसाची रीत कशात दिसते, याचा मी हल्ली उगाच विचार करते. मोठी मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांना ती केलेली दिसायला हवी असते. आपलं काम हातात असताना दुसऱ्याच्या कामासाठी गप्प बसणं वेगळं. बँकेत, कचेरीत, घरात सुद्धा, बाई फोनवर कामाचं बोलतेय म्हणून कोणी टीव्हीचा आवाज कमी केलेला मी अजून पाहिला नाही. (आमचे हे वाचतील. वाचू देत.)

आणखी एक. त्या दिवशीचं घंगाळ मीच विकत घेतलं, आठवतं? हात मध्येच थांबल्यामुळे ठोक्यांची एक ओळ किंचित वाकडी गेली होती. तुम्ही ते पुन्हा मठारून देतो म्हणालात आणि मी नको म्हणाले. कारण तेव्हा सांगितलं नाही, आता कळलं असेल.

सोमवारी येते. बेळगावच्या झाकणाचा कागद आलाय, कडेला चहाचा डाग आहे, तो माप समजू नका. आणि मागच्या वेळच्या दोन तोट्यांचे पैसे या खेपेला घ्यायचेच.

आपली,
बंबवाली ताई