माझ्या नोंदींना हात लावू नका : नोंदवही ॲपच्या कंपनीला पाठवलेले तक्रार पत्र

(मूळ पत्रात कंपनीचे नाव आणि वर्गणी क्रमांक आहेत. येथे ते गाळले आहेत.)

नागपूर
दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नोंदीतून चालणाऱ्या एआय एजंटांनी मूळ नोंदी परस्पर बदलल्याबाबत व माझ्या नावाने इतरांना संदेश पाठवल्याबाबत.

महोदय/महोदया,

मी नागपुरात राहतो आणि संत्रा बागायतदारांना सल्ला देतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या तालुक्यांत माझे फिरणे असते. बागेत उभ्या उभ्या फोनवर चार ओळी टिपायच्या आणि रात्री घरी बसून त्या मार्गी लावायच्या, हा माझा शिरस्ता. आपल्या ॲपची वार्षिक वर्गणी घेतली ती या रात्रीच्या कामासाठी. नोंदीतच '@' लिहून एजंटाला हाक मारायची. तो नोंद वाचतो आणि सांगितलेले काम करतो. मी असे तीन एजंट लावून घेतले. @सारांश भेटीचा गोषवारा काढायचा, @मात्रा झाडांच्या संख्येवरून खताऔषधाचा हिशोब करायचा आणि @आठवण शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर तारीख कळवायचा.

पहिला हंगाम उत्तम गेला, हे आधी सांगतो. अंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून बाग ताणावर सोडतात आणि जानेवारीत पाणी देऊन ताण तोडतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळीत वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक बागेची तारीख वेगळी. त्या सगळ्या तारखा @आठवणने चोख सांभाळल्या. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडे धरून @मात्रा जे आकडे द्यायचा, तेही मी पडताळून पाहायचो आणि ते जुळायचे. तेव्हा एजंट नोंदीच्या खाली, वेगळ्या चौकटीत लिहीत होते. माझे वर, त्यांचे खाली. उन्हाळ्यात आपले नवे अपडेट आले आणि ती चौकट गेली. आता एजंट थेट नोंदीत शिरून लिहितात, पुसतात, सुधारतात. यासाठी माझी परवानगी कुणी घेतली नाही. 'अधिक सहज अनुभव' एवढेच अपडेटच्या टिपणात होते.

याचा परिणाम काय झाला, ते एका नोंदीवरून दाखवतो. काटोल तालुक्यातल्या एका बागेत मी हे टिपले होते :

"पूर्वेकडे, धुऱ्यापासून तिसरी ओळ. ३ झाडांना बुंध्याशी डिंक, जमिनीपासून वीतभर वर. वखर लागला असेल? पाणी याच बाजूला साचते. बाकी बाग ठीक."

रात्री खाली @सारांश लिहिले. सकाळी नोंद उघडली तर एवढेच शिल्लक होते :

"बागेत डिंक्या रोगाचा प्रादुर्भाव आढळून आला. वेळीच उपाययोजना करणे आवश्यक आहे."

भाषा माझ्यापेक्षा शुद्ध आहे, मान्य. पण तीन झाडांची बाग झाली, वीतभर उंची गेली, पाणी साचण्याची बाजू गेली आणि माझे प्रश्नचिन्ह गेले. डिंक्याची बुरशी जमिनीत असते, पाण्याबरोबर सरकते आणि बुंध्याच्या जखमेतून शिरते. म्हणून कोणती ओळ, किती उंची, उतार कुठे, यावरच पुढच्या वर्षीचा सल्ला ठरतो. 'प्रादुर्भाव आढळून आला' हे तर मी बागेत न जाताही लिहू शकलो असतो. मूळ मजकूर आज माझ्याकडे आहे तो केवळ त्या संध्याकाळी शेतकऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला होता म्हणून. इतर नोंदींचे तसे काही नाही. आपल्या 'जुन्या आवृत्त्या' या सोयीत एजंटाने केलेले बदल दिसतात, पण एजंटाने हात लावण्याआधीची प्रत बहुतेक नोंदींत सापडत नाही.

दुसरा प्रकार याहून गंभीर. पावसाळ्यापूर्वी संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावतात. प्रमाण ठरलेले : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. हेच दोन जिन्नस १०० लिटर पाण्यात घेतले की फवारणीचे एक टक्का बोर्डो मिश्रण होते. मी नोंदीत '१:१:१०, मलम' असे स्वच्छ लिहिले होते. @मात्राला बहुधा फवारणीचेच प्रमाण ठाऊक, त्यामुळे त्याने १० चे १०० केले आणि समासात बारीक करड्या अक्षरांत 'संभाव्य टंकदोष दुरुस्त केला' अशी टीप टाकली. तीच दुरुस्त नोंद @आठवणने उचलली आणि शेतकऱ्याला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन : "साहेब, मलम बुंध्यावर थांबूनच नाही राह्यलं. सारं खाली वाहून राह्यलं." मोरचूद वाया गेले, मजुरांचा दिवस गेला आणि पाऊस तोंडावर असताना काम पुन्हा करावे लागले. पैशाचा भाग मी भरून दिला. ते माझ्यात आणि त्यांच्यात राहू द्या.

तिसरे. एका कृषी केंद्राचा व्हॉट्सॲपवर फिरणारा लांबलचक मजकूर मी तपासायला म्हणून नोंदीत चिकटवला. त्यात शेवटी नेहमीप्रमाणे 'हा संदेश आपल्या सर्व शेतकरी बांधवांना पाठवा' असे होते. मी त्याखाली एका शेतकऱ्यासाठी @आठवण लिहिले. एजंटाने जाहिरातीतले वाक्य माझा हुकूम समजून तो मजकूर माझ्या यादीतल्या सगळ्यांना, माझ्या क्रमांकावरून, पाठवून दिला. एका जुन्या बागायतदारांनी विचारले, "तुम्हीबी औषधं विकाले लागले का?" मी कोणत्याही कंपनीचे औषध विकत नाही, यावरच माझा धंदा उभा आहे.

परक्या मजकुरात लपलेली सूचना एआयने आज्ञा म्हणून पाळणे, हा दोष नवा नाही. 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' या नावाने तो २०२२ पासून या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे. ज्या ॲपमध्ये लोक दिवसभर इकडचे तिकडचे चिकटवतात, तिथे संदेश पाठवण्याचा अधिकार एजंटाला द्यायचा आणि प्रत्येक वेळी 'पाठवू का?' एवढेही विचारायचे नाही, ही रचना आपली आहे. सुरुवातीला एकदा घेतलेली परवानगी एका शेतकऱ्याला तारीख कळवण्यासाठी होती.

क्रेडिटचे, म्हणजे एजंटाच्या कामाला वर्गणीतून खर्च होणाऱ्या हिशोबाचे, थोडक्यात. @सारांशने स्वतःच्या लिखाणात '@आठवण' असे लिहिले, त्यामुळे @आठवण जागा झाला, @आठवणने नोंद जतन केली आणि जतन होताच पुन्हा सारांश सुरू झाला. रात्रभर हे दोघे एकमेकांना उठवत राहिले आणि महिन्याचे क्रेडिट सकाळपर्यंत संपले. त्यातून देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकनांत (एआय मजकुराचे जे तुकडे पाडून वाचते, त्यांत) मोडतो, म्हणजे तेवढ्याच नोंदीला मराठी माणसाचे क्रेडिट आधीच जास्त जाते. हे वर्गणी घेताना कुठेही लिहिलेले नव्हते.

आपल्या मदत कक्षाने मला कळवले की एआय चुका करू शकते, महत्त्वाची माहिती तपासून घ्यावी. एजंटाचे उत्तर चुकले तर मी तपासीन. तेवढे मला येते. पण त्याने माझी नोंदच बदलली तर ती कशाशी ताडून पाहू? बाग तर त्या दिवशीची राहत नाही. तपासायला जो आधार लागतो, तोच आपण पुसून टाकत आहात. 'सूचना अधिक स्पष्ट लिहा' हा सल्लाही मिळाला आणि त्यानंतर माझी तक्रार 'निकाली' म्हणून आपोआप बंद झाली.

माझी मागणी अशी आहे. अपडेटनंतर एजंटांनी बदललेल्या माझ्या सर्व नोंदींच्या मूळ प्रती आपल्या सर्व्हरवरील बॅकअपमधून काढून साध्या टेक्स्ट फायलींत द्याव्यात. यातली जी नोंद परत मिळणार नसेल, तिचे नाव लेखी कळवावे; मोघम उत्तर चालणार नाही. एजंटाने मी लिहिलेल्या मजकुराला हात न लावता खाली, स्वतःच्या नावाने व तारखेने लिहावे, ही जुनी पद्धत निदान पर्याय म्हणून तरी परत आणावी. चिकटवलेला मजकूर हुकूम धरला जाऊ नये, एजंटाने लिहिलेल्या '@' ने दुसरा एजंट सुरू होऊ नये आणि बाहेर जाणारा प्रत्येक संदेश मला दाखवून, मी हो म्हटल्यावरच जावा. त्या रात्रीचे क्रेडिट आणि वर्गणीची उरलेल्या महिन्यांची रक्कम परत करावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात तक्रार सोडवायची असते. धंद्यासाठी वापरले म्हणून मी ग्राहक नाही, असे उत्तर कृपया देऊ नये. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच मानले आहे. आपल्या अटींमध्ये दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचा उल्लेख आहे, तोही मी वाचला. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, म्हणून मुदतीत निकाल न लागल्यास मी नागपूरच्याच आयोगाकडे जाईन. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करत आहे.

वरील स्क्रीनशॉट, मलमाच्या नोंदीची आजची प्रत, जाहिरातीचा संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांची उत्तरे (नावे व क्रमांक झाकून) आणि क्रेडिटचा तपशील सोबत जोडला आहे. उत्तर माणसाने लिहिलेले असावे. मराठीत असल्यास बरे, हिंदीही चालेल. दिवसा मी बागेत असतो आणि तिथे फोनला रेंज नसते, म्हणून फोन संध्याकाळी सातनंतर करावा.

आपला,
एक वर्गणीदार
फळबाग सल्लागार, नागपूर