महालातल्या वाद्यदुरुस्तीवाल्या काकांना, माझ्या गिटारबद्दल

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेची पेटी दुरुस्तीला घेऊन मी तुमच्याकडे आले होते आणि बोलता बोलता गिटारचा विषय निघाला. पुढे तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल तुमच्यासमोर धड बोलता येत नाही. आभाराचा शब्द निघाला की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून उठता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेलच. शिवाय बेताच्या पैशांत चांगली गिटार शोधणारे नागपुरात पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं असं मनापासून वाटतं.

मी तेव्हा सीताबर्डीवर नव्या गिटारी बघत होते. एक पसंतही पडली होती. काळी, चकचकीत, कटअवे (मानेजवळ अंगाला खोबण) असलेली, आत पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारा भाग). मोबाइलवरचा फोटो तुम्ही चष्मा वर सरकवून नीट पाहिलात आणि म्हणालात, "घाई काऊन करून राहिली? मले आधी सांग, यातलं नंतर बदलता काय येते न काय येत नाही?" मग उत्तरही तुम्हीच दिलंत. तारा बदलता येतात. नट आणि सॅडल (तारा खुंट्यांकडे आणि खालच्या टोकाला ज्यांवर टेकतात त्या छोट्या पट्ट्या), पिना, खुंट्या, सगळं थोडक्या पैशांत बदलता येतं. पण मानेचा कोन, फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागा, वरच्या फळीचं लाकूड आणि आतल्या पट्ट्या एकदा बसल्या की बसल्या. त्या दुरुस्त करायला निघालं तर गिटारच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. तेव्हा कमी किमतीच्या गिटारमध्ये बनवणाऱ्यानं पैसा कुठे घातलाय ते आधी बघायचं. रंगात आणि पिकअपमध्ये घातला असेल तर तो लाकडातून कमी झालेला असणार. इतकी साधी गोष्ट, पण तोवर मला कोणीच अशी सांगितली नव्हती.

वीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजातून पास होऊन बंगळुरूला निघालेला तो मुलगा आपली यामाहा एफएस 800 विकतोय हे कळलं तेव्हा मी तुम्हालाच विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "त्याले इकडंच आण." त्या दिवशी तुम्ही गिटार हातात घेतलीत आणि बराच वेळ एकही तार छेडली नाहीत. मुलाला वाजवून दाखवायची घाई होती. तुमचं आपलं एकच, "आधी मान पाह्य, मंग आवाज आयक."

हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकलीत. मग स्टीलची लांब पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत, म्हणजे फळीवर तारा अडकतात त्या लाकडी पट्टीपर्यंत, नेलीत. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम टेकलं. मला जवळ बोलावून दाखवलंत: टोक त्याच्या खाली गेलं असतं तर मान पुढे झुकली असं समजायचं, आणि मग गिटार कितीही गोड वाजो, घ्यायची नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सारून पाहिलात, तो कुठेच आत शिरला नाही. ब्रिजच्या मागे फळीला थोडा फुगवटा दिसला तेव्हा मी घाबरले. तुम्ही म्हणालात, तारांचा ताण सतत ओढत असतो, एवढं पोट येणारच. नंतर मी वाचलं की 12 नंबरच्या लाइट सेटमध्ये (नंबर म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) सहा तारा मिळून साधारण 70 किलोनं ओढतात. काही मिलिमीटर जाडीची फळी हे वजन वर्षानुवर्षं पेलते ते आतल्या पट्ट्यांच्या जोरावर. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा साउंडहोलमधून, म्हणजे फळीच्या गोल भोकातून, आत घालून तुम्ही त्या दाखवल्यात, एक्सच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या. ही रचना अमेरिकेत मार्टिन कंपनीच्या गिटारींमध्ये 1840च्या दशकात आली, आतड्याच्या तारांच्या काळात. पुढे पोलादी तारा आल्या तेव्हा तिनंच तो ताण पेलला. आजही बहुतेक स्टील स्ट्रिंग गिटारी आतून तशाच असतात. बोटाच्या पेरानं तुम्ही फळीवर जागोजागी टकटक केलंत. कुठलीही पट्टी सुटून खडखडली नाही.

मला सगळ्यात आवडलं ते सॉलिड टॉप, म्हणजे अखंड लाकडाची वरची फळी, ओळखणं. साउंडहोलच्या कडेला भिंग लावलंत आणि मला बघायला दिलंत. वरून दिसणाऱ्या स्प्रूस लाकडाच्या बारीक रेषा कडेवरून वळून थेट खाली उतरत होत्या, एकाच लाकडात. मग तुमच्याकडे दुरुस्तीला आलेली दुसरी एक गिटार शेजारी ठेवलीत. तिच्या कडेला तीन थर स्पष्ट दिसत होते, मधला आडवा. प्लायची फळी वाईट असते असं तुम्ही म्हणाला नाहीत. ती मजबूत असते, हवामान सोसते, प्रवासाला बरी. पण तिचा आवाज पहिल्या दिवशी जसा, तसाच पुढेही राहतो, आणि सॉलिड फळी वाजवता वाजवता मोकळी होते, हा तुमचा अनुभव. माझ्या हातातली गिटार मोकळी होतेय हे आता मीही सांगू शकते.

एफएस 800 ही 2016 साली आलेल्या मालिकेतली. फळी सॉलिड स्प्रूसची, बाजू आणि पाठ प्लायची. स्केल (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) 634 मिलिमीटर, म्हणजे मोठ्या एफजी 800च्या 650 पेक्षा थोडी आखूड, आणि अंगानंही लहान. माझी उंची बघून तुम्हीच म्हणालात की मोठ्या, ड्रेडनॉट आकाराच्या गिटारवर हात टाकला की खांदा वर चढतो आणि तासाभरात मान दुखते. ही मांडीवर नीट बसते. शाळेत मुलांसमोर खाली सतरंजीवर बसून वाजवते तेव्हा तर हा आकार फारच सोयीचा.

मुलानं 11,000 सांगितले होते. गिटारमध्ये काय काय कमी आहे ते तुम्ही माझ्यासमोर आणि त्याच्यासमोर सारखंच सांगितलंत: पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या बारीक खाचा, एक खुंटी थोडी ढिली, बी (दुसऱ्या) तारेला चिरका आवाज. पण भाव पाडायला त्यातला एकही दोष वापरला नाहीत. मी घासाघीस सुरू करणार तोच माझ्याकडे वळून म्हणालात, "वाजवी सांगून राहिला तो." त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसला त्यासाठीही मला तुमचे आभार मानायचे आहेत.

त्या बी तारेची गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. तार मोकळी छेडली की सतारीसारखा झणझणाट यायचा. तुम्ही पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून ती पुन्हा छेडलीत, आवाज स्वच्छ. "नट," एवढंच म्हणालात. आयुष्यभर तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसाला ते एका क्षणात कळणारच. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा तुम्ही मुद्दाम हलक्या उतारानं घासता, तार त्यावर घासत कंप पावते आणि सूर फुलतो. गिटारमध्ये नटची खाच तशी सपाट झाली की तोच परिणाम दोष ठरतो. इथे तारेनं एका ठरावीक कडेवरूनच सुटायचं. गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायच्या बारीक कानशी वापरून तुम्ही ती खाच मागच्या बाजूला, खुंट्यांकडे उतरती केलीत. झणझणाट गेला. त्याच कानशीनं बाकीच्या खाचाही किंचित खोल केल्यात आणि तपासायची रीत शिकवलीत: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरते का ते बघायचं. फट मोठी असेल तर नट उंच. नव्यानं शिकणाऱ्यांना एफ कॉर्ड लागत नाही, बोटं सोलतात, कॉर्ड धरली की सूर चढतो, ते पुष्कळदा एवढ्याशा उंचीमुळे. किती मुलांनी याच कारणानं गिटार सोडली असेल! त्यांना वाटतं आपल्या हातात काही नाही, आणि कोणी नट तपासतच नाही.

सॅडलचं कामही मी शेजारी बसून पाहिलं. आधी साउंडहोलमधून किल्ली घालून ट्रस रॉड (मानेचा बाक कमीजास्त करणारी तिच्या आतली सळई) अगदी थोडा फिरवलात. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबली की सातव्याजवळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, इतकाच बाक ठेवलात. मान जागेवर आल्याशिवाय तारांची उंची मोजायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मग बाराव्या फ्रेटवर मोजलंत: सहावी तार 3 मिलिमीटर, पहिली 2.2. हव्या होत्या 2.4 आणि 1.8. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून तिथे जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं. सॅडल बाहेर काढून तिच्यावर पेन्सिलनं तिरकी रेघ मारलीत, एका टोकाला 1.2 आणि दुसऱ्याला 0.8. काचेच्या तुकड्यावर सँडपेपर पसरून ती खालून घासलीत. वरून कधीच नाही, कारण माथ्यावरचा उतार आणि बी तारेसाठी दिलेली पायरी सूर बरोबर ठेवतात. दर थोड्या वेळानं तळ उजेडासमोर धरून पाहत होतात. सॅडल ब्रिजच्या खाचेत सपाट टेकली नाही तर फळीपर्यंत आवाज पोचत नाही.

शेवटी 11 नंबरच्या फॉस्फर ब्रॉन्झ तारा चढवल्यात, 12 पेक्षा ताणाला हलक्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एकाला एक मिळाले. तारांच्या पैशांशिवाय तुम्ही 400 रुपये घेतलेत. मी जास्त देऊ लागले तर हात मागे घेतलात.

आता या गिटारबद्दल, मालकीण म्हणून. खर्ज फार खोल नाही. लहान अंगाकडून ती अपेक्षाही नाही. मोठ्या हॉलमध्ये माइकशिवाय ती मागे पडते. पण मधले सूर स्वच्छ आहेत, आणि गाणाऱ्याच्या आवाजाला ती जागा देते. माझा सूर काळी चार. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवलं की नेमका मिळतो, आणि कॅपो लावल्यावरही तारा सुरातच राहतात. ही तुमच्या नटच्या कामाची पावती. प्रार्थनेच्या वेळी पेटी आणि गिटार एकत्र वाजतात तेव्हा मुलं आपोआप सुरात येतात. पिकअप नाही याची मला अजून एकदाही उणीव भासलेली नाही.

नागपूरच्या हवेबद्दल तुम्ही दिलेली ताकीद तंतोतंत पाळते. एप्रिल-मेमध्ये दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास येते आणि लाकूड आटतं. फळी बसते, तारा खाली येऊन फ्रेटवर वाजायला लागतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. कूलरसमोर ठेवलं तर उलटंच, ओला झोत थेट अंगावर. म्हणून गिटार केसमध्ये, कूलरच्या झोतापासून दूर, आणि आत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, घट्ट पिळलेला. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही घेतलंय, काटा 45 ते 55च्या मध्ये राहील असं बघते. उभ्या गाडीत ती एकदाही ठेवलेली नाही. पावसाळ्यात फळी फुगून तारा वर गेल्या की मात्र लगेच रॉडला हात लावायचा नाही, आधी मोजायचं, हेही लक्षात आहे.

शाळेतल्या दोन पालकांनी मुलांसाठी गिटार घेताना मला सोबत नेलं. स्टीलची पट्टी आणि कागदाचा चिटोरा घेऊन गेले. एक गिटार नाकारली, एक घेतली. जी घेतली ती नटसाठी तुमच्याकडेच येईल.

या पत्रासोबत एक लहानसा संच पाठवतेय. नटच्या खाचा घासायच्या कानशी, प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे वेगळी. वेल्डिंगवाल्या कानशींवर तुमचा हात बसलेला आहे हे ठाऊक आहे, पण जाड तारांच्या खाचांना त्या पुरत नाहीत असं तुम्हीच म्हणाला होतात. एखाद्या मापाची धार पटली नाही तर नातवाकडे निरोप ठेवा, मी बदलून आणते.

तुमची कृतज्ञ,
शाळेच्या पेटीवाल्या बाई