सूचना : सोमवारपासून दमसासाचा सराव

तालमीच्या फुटबॉल संघातील सर्व खेळाडूंनी सोमवारी पहाटे ५.४५ ला रंकाळ्यावर हजर राहावे. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू व्हायला आठ आठवडे आहेत, आणि दम तेवढ्यात नक्की वाढतो.

नुसत्या संथ फेऱ्या मारून भागणार नाही. ९० मिनिटांत खेळाडू साधारण १० किलोमीटर पळतो, पण सलग नाही. झेप, चाल, पुन्हा झेप. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मैदानावर ४ मिनिटे जोरात, मग ३ मिनिटे हलके पळणे, असे चार वेळा. जोर इतका हवा की शेजारच्याशी धड वाक्य बोलता येऊ नये. पहिल्याच फेरीत सगळा जीव काढू नका. चौथीही त्याच वेगाने झाली पाहिजे. गेल्या हंगामात शेवटच्या दहा मिनिटांत आपले बचावपटू गुडघ्यावर हात टेकून उभे होते, ते बघवत नव्हते.

बुधवारी पूर्ण विश्रांती. रात्री जागू नका. येताना एखादे केळे खाऊन या, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी सोबत आणा.

छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबा आणि सांगा. लपवू नका, पोरांनो.