डाव्या वेट पॉकेटचं लॉक आपोआप सुटतं : जॅकेट बदलून मिळण्याबाबत

पाचपाखाडी, ठाणे (प.)
दि. १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नोव्हेंबरमध्ये मी तुमच्याकडून स्कूबासाठी बीसीडी, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट घेतलं; पाण्याखाली राहायला लागणारी शिशाची वजनं त्याच्या पॉकेट्समध्येच बसतात. बिल सोबत जोडलं आहे. माझा मणक्याचा जुना त्रास आहे. सहा किलो शिशाचा पट्टा कमरेला बांधून बोटीवर उभं राहवत नाही, आणि खोल पाण्यात दाबाने अंगावरचा डायव्हिंग सूट दबला की तोच पट्टा सैल होऊन घसरतो. म्हणून जास्त पैसे मोजून हे जॅकेट निवडलं.

जानेवारीत मालवणला ते समुद्रात पहिल्यांदा वापरलं. बोटीवर वजनांची दोन्ही पॉकेट्स ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवली होती, इन्स्ट्रक्टरांनी ओढून तपासलीही होती. साधारण नऊ मीटरवर खडकाखाली डोकावायला मी डोकं खाली केलं आणि डावीकडून काहीतरी निसटलं. तीन किलोचं पॉकेट खाली वाळूत पडलेलं मला दिसत होतं आणि मी वर चालले होते. वर जाताना दाब कमी होतो, जॅकेटमधली हवा फुगते आणि वेग वाढतच जातो. नऊ मीटरवरची हवा पृष्ठभागापर्यंत जवळपास दुप्पट होते. अशा वेळी घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते, जीवही जाऊ शकतो. मी श्वास सोडत राहिले. इन्स्ट्रक्टरांनी माझ्या पायातलं फिन पकडलं, खांद्यामागच्या व्हॉल्व्हची दोरी खेचून हवा काढली. ते हाताच्या अंतरावर होते म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

हे कळवल्यावर तुमचं उत्तर आलं : ‘पॉकेट नीट बसवलं नसेल, तरी नवीन पॉकेट पाठवतो.’

ते मला मान्य नाही. घरी बाल्कनीतल्या दांडीला जॅकेट टांगून, पॉकेटमध्ये तीन किलो भरून मी दहा वेळा हलवून पाहिलं. डावं पॉकेट चार वेळा पडलं, एकदा तर लादीचा टवका उडाला. उजवं एकदाही पडलं नाही. मग पॉकेट्सची अदलाबदल केली. डावं पॉकेट उजव्या खोबणीत घट्ट राहिलं, उजवं मात्र डावीकडून निसटलं. म्हणजे दोष पॉकेटमध्ये नाही, जॅकेटला शिवलेल्या डाव्या खोबणीत आहे. बकलचा दात तिथे अर्धाच अडकतो, नख घातलं तरी फट जाणवते. व्हिडिओ जोडला आहे, कृपया तो पाहा. नवीन पॉकेट त्याच खोबणीतून पुन्हा पडेल.

हे लॉक ओढल्याशिवाय सुटता कामा नये आणि संकटात एका हिसक्यात सुटलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी माणूस जिवाला मुकू शकतो. त्यामुळे ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हा नियम इथे लावू नका. दोष वापरल्याशिवाय कळणारच नव्हता.

मला पूर्ण जॅकेट बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, याच लॉटमधली जॅकेट्स ज्यांना विकलीत त्या सगळ्यांना आजच कळवा. मे अखेरपर्यंत कोकणात डायव्हिंग चालू असतं. त्यांच्यातला एखादा नवशिका असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवलं आहे. तपासणीसाठी माणूस पाठवायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर पाठवा. खोबणी माझ्यासमोरच उघडावी.

आपली,
(स्वाक्षरी)

सोबत : बिलाची प्रत, व्हिडिओ, खोबणीचे फोटो