मदत मागताना जपून

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रद्द झालेल्या विमानाच्या तिकिटाचे पैसे अजून आले नाहीत, म्हणून आता एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) लिहून कंपनीला सगळ्यांसमोर जाब विचारते, असं तू काल म्हणालीस. जरूर विचार, हक्काचे पैसे आहेत. फक्त त्यात पीएनआर आणि मोबाइल नंबर टाकू नकोस. अशा तक्रारींवर टपून बसलेली माणसं असतात. कंपनीचं नाव आणि लोगो लावलेल्या खात्यावरून लगेच उत्तर येतं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपला नंबर कळवा.' आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर कस्टमर केअरवाला हजर!

मला खरी धास्ती याचीच वाटते. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला तू दारातही उभं करणार नाहीस. पण इथे अडलेली तू असतेस, आणि मदत तूच मागितलेली असते. बँकेत असताना पैसे गेलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर येऊन बसली. बहुतेक जण लोभापायी फसले नव्हते. कुणाचं पार्सल आलं नव्हतं, कुणाचं रिचार्ज अडकलं होतं. त्यांनी गुगलवर नंबर शोधला, सगळ्यात वर दिसला तो लावला, आणि तो चोराचा निघाला. वर दिसतो तो नंबर कंपनीचाच असेल असं अजिबात नाही. पैसे भरले की जाहिरात वर येते, आणि नकाशावरच्या दुकानाचा नंबर बदलायला कुणीही सुचवू शकतं. म्हणून नंबर घ्यायचा तो कंपनीच्या अ‍ॅपमधून, बँकेचा असेल तर कार्डाच्या मागे छापलेला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात, तेही बघत जा.

व्हॉट्सअ‍ॅपवर निळी खूण दिसली म्हणूनही विसंबू नकोस. खरी खूण नावाशेजारी असते. प्रोफाइलच्या फोटोत असेल तर ती कुणीतरी चित्रात चिकटवलेली आहे.

ही माणसं बोलायला फार गोड असतात. तक्रार क्रमांक देतात, 'मॅडम, लाइनवर राहा' म्हणतात. खऱ्या कंपनीत पाऊण तास संगीत ऐकावं लागतं, इथे पहिल्या रिंगला माणूस बोलतो, त्यामुळे जीव भांड्यात पडतो. मग हळूच कामाचं निघतं. एक फॉर्म भरा, पडताळणीचे पाच रुपये भरा. त्या पाच रुपयांसाठी कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा गुप्त आकडा, तूच लिहून देतेस. किंवा परताव्याची म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती उघडून परवानग्या दिल्या की तुझे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, परस्पर त्यांच्याकडे जातात. किंवा एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला सांगतात. ते अ‍ॅप खोटं नाही, ऑफिसातले संगणकवाले रोज वापरतात. पण त्याचा कोड सांगितलास की तुझ्या फोनचा पडदा त्यांना दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच त्याबद्दल सावध केलं होतं. कधी स्टारने सुरू होणारा एखादा कोड फिरवायला लावतात. त्याने तुझे कॉल त्यांच्या फोनवर वळू शकतात.

यूपीआयचं तर पक्कं लक्षात ठेव. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. 'परतावा मिळवण्यासाठी पिन टाका' असं म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेव. चांगल्या घरच्या मुलीला असा फोन आपटणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी आपट.

आणि एवढं करूनही कधी पैसे गेलेच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद कर आणि मैत्रिणीच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लाव. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तक्रार पोचली तर ते मध्येच गोठवता येतात. त्यानंतर बँकेला कळव, कार्ड आणि यूपीआय बंद करून घे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदव. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियम घालून दिला आहे: ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेव.

त्यानंतरचा फोन आम्हाला कर, कितीही रात्र झाली असली तरी. आई-बाबा रागावतील म्हणून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. आठवड्याने त्यांनाच दुसरा चोर गाठतो, 'गेलेले पैसे काढून देतो, फी भरा' म्हणतो, आणि ती बिचारी घरी न सांगता तीही भरतात. तुझे सगळे पैसे गेले तरी मी तुला एक शब्द बोलणार नाही. बाबांशीही बोलले आहे, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

दुसऱ्या कुणाला ते उघडता येऊ नये म्हणून बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपला मी सहा अंकी पिन लावून दिला. आजीचा फोन राहिलाय. तिला माझं पटत नाही, तुझं पटेल. दिवाळीला आलीस की तिच्याजवळ बसून लावून दे, आणि बँकेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पासबुकात ठेव.

तुझी,
आई