घोडीला गुंगी द्या, पण डॉक्टरच्याच हातानं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर बैल येतो, गाय येते, बकरी कोंबडी सगळं येतं, घोड्याबद्दल मात्र कधी काही वाचायला भेटत नाही म्हणून हे पत्र. आमच्या यवतमाळ-अमरावती भागात घोडे आता कमी राहिले पण संपले नाहीत. वरातीच्या घोड्या आहेत, मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या धनगरांचे तट्टू आहेत, चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत, अन् दरवर्षी कोणी ना कोणी सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या यात्रेतून हौसेनं नवीन जनावर आणतंच.

लगीनसराई तोंडावर आली की घोडीवाल्याची एकच धावपळ असते, खरारा करा, आयाळ बरोबर करा, पायाचे केस काढा, खूर तासा, नाल ठोका. अन् जी घोडी भित्री आहे, अंगाला हात लागला की उधळते, तिच्यासाठी हल्ली एक सोपा रस्ता निघालाय. मेडिकलवरून गुंगीची बाटली आणायची अन् गावातल्या कोणाकडून तरी टोचून घ्यायची. "काही नाही होत भाऊ, थोडसं मार अन् मोकळा हो," असं एकमेकाला फोनवर सांगतात. मले या गोष्टीचा लय त्रास होतो.

मी गुंगीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. उलट पहिले जे चालायचं, चारी पाय बांधून आडवी पाडायची, कान पिळून धरायचा, तोंडात काटेरी लगाम घालायचा, त्यापेक्षा डॉक्टरनं दिलेली हलकी गुंगी हजार पटीनं बरी. काटेरी लगामावर तर जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी अजून बाजारात दिसतो. अन् कान पिळलेली घोडी जन्मभर डोक्याला हात लावू देत नाही, मग म्होरकी चढवायची म्हटलं तरी लढाई. वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतात तो एकदोन मिनिटाच्या कामापुरता ठीक आहे, पण तो धरून कोणी अर्धा तास खूर तासत बसला तर घोडी शेवटी उसळणारच.

पण गुंगी देणं म्हणजे काय असतं ते एकदा नीट पाहावं. आमच्या तांबड्या घोडीला केस कापायच्या मशीनची भीती आहे, नुसता घर्रर्र आवाज झाला की मागच्या दोन पायावर उभी. तिच्यासाठी आम्ही डॉक्टरला बोलावतो. डॉक्टर आले की आधी छातीला नळी लावून ठोके ऐकतात, मग ओठ वर करून हिरडीवर बोट दाबतात अन् रंग परत किती लवकर येतो ते पाहतात, मग विचारतात पाणी पिली का, सकाळी लीद केली का, अंगाला कुठलं औषध लावलं का. हे सगळं झाल्यावर मानेच्या शिरेत झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, टोचतात. अन् मग कोणीच काही करायचं नाही. बोलायचं नाही, पोट्टे जवळ येऊ द्यायचे नाहीत, मोबाईल वाजू द्यायचा नाही. पाचेक मिनिटात मान हळूहळू खाली यायला लागते, खालचा ओठ लोंबतो, मागचे पाय थोडे फाकतात. घाई करून आधीच मशीन लावली तर घोडी भडकते, अन् एकदा भडकली की तेच औषध निम्मंही काम करत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, घाबरलेल्या जनावराच्या अंगात जो जोर चढतो तो औषधाला दाबून टाकतो, मग माणूस म्हणतो डोस कमी पडला अजून मार, अन् तिथंच घात होतो.

अजून एक, गुंगीतली घोडी लाथ मारत नाही हा गैरसमज आहे. डोळे मिटून उभी दिसते अन् पोटाला माशी बसली का नेम धरून लाथ मारते. म्हणून उभं राहायचं खांद्याजवळ, मागं नाही, अन् जिथं हात लावायचा तिथं आधी मानेवरून हात सरकवत न्यायचा, एकदम नाही. काम झालं का ती पूर्ण जागी होईपर्यंत तोंडापुढं काहीच ठेवायचं नाही, ना चणा ना कुटार, कारण गुंगीत गिळणं मंदावलेलं असतं, घास अन्ननळीत अडकतो. आतडंही सुस्त पडतं, म्हणून नंतर लीद केली की नाही ते पाहायचं. शेजारचे लोक प्रेमानं चारा टाकायला येतात त्यांना सांभाळणं हेच मोठं काम असतं.

आता हेच काम अडाणी हातानं झालं तर काय होतं ते सांगतो. घोड्याच्या मानेत शीर अन् धमनी शेजारी शेजारी जातात. सुई धमनीत गेली तर औषध सरळ मेंदूत जातं, घोडी जागच्या जागी झटके येऊन कोसळते, अन् तिच्याखाली माणूसही सापडू शकतो. दुसरं, आपल्याकडं गोठा एकच असतो, बैल गाय घोडी सगळं एका छपराखाली, अन् उरलेली बाटली फळीवर पडून राहते. झायलाझिन गाईबैलाला घोड्याच्या जवळपास दहापट जास्त लागू पडतं. घोडीच्या हिशेबानं भरलेली सिरिंज मारक्या बैलाला टोचली तर बैल पडलाच म्हणून समजा. अन् माणसाला टोचली गेली तर त्यावर माणसासाठी ठरलेला उताराच नाही, श्वास अन् ठोके मंद पडतात, थेट दवाखाना गाठून औषधाचं नाव सांगावं लागतं. डॉक्टरजवळ जनावराची गुंगी उतरवायचं औषध असतं, गावातल्या टोचणाऱ्याजवळ काय असतं?

काही जण एसीप्रोमाझिन नावाचं दुसरं गुंगीचं औषध सुचवतात, ते हलकं आहे, तोंडातूनही देता येतं अन् पाऊण तासानं चढतं. पण त्यानं वेदना अजिबात कमी होत नाही, रक्तदाब मात्र खाली येतो. नर घोड्यात त्याचा एक वाईट परिणाम कधीकधी दिसतो, लिंग बाहेर येऊन लोंबतं, सूज येते, परत आत जातच नाही अन् घोडा कायमचा निकामी होतो. गोचिडासाठी कोणी फवारणीचं औषध जनावराच्या अंगाला चोळलं असेल तर तेही डॉक्टरला सांगायलाच पाहिजे, त्यातल्या काही औषधांसोबत एसीप्रोमाझिन जमत नाही, विष जास्त चढतं. फवारणीचं विष काय करतं ते यवतमाळनं २०१७ ला शेतकऱ्यांना विषबाधा झाली तेव्हा पाहिलेलं आहे. अन् माणसाच्या झोपेच्या गोळ्या तोबऱ्यात कालवून देणारे पण आहेत, त्या गोळ्यांनी मोठ्या घोड्याचे पाय लुळे पडतात, पाय साथ देत नाही म्हणून तो जास्त घाबरतो, शांत होत नाही. दारू, भांग, अफू याबद्दल तर बोलायलाच नको.

सगळ्यात जास्त राग येतो तो गुंगी देऊन घोडी वरातीत नेण्याचा. डीजेला घाबरते म्हणून टोचायचं अन् वर नवरदेव बसवायचा. एप्रिल-मे मधे आपल्या विदर्भात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, घोडी दिवसभर उन्हात उभी, पाणी कमी, त्यात ठोके मंद करणारं, रक्तदाब हलवणारं औषध, पाय आधीच लडखडते, अन् पायाखाली फटाके. नवरदेवाच्या कडेवर बहुतेक वेळा एखादं लहान लेकरू पण बसवलेलं असतं हो. गुंगी केस कापायला, नाल ठोकायला, जखम धुवायला, सावलीत, डॉक्टर समोर असताना. स्वारीसाठी कधीच नाही. जी घोडी डीजेला घाबरते तिला वरातीत नेऊ नका, दुसरी न्या, नाहीतर डीजे बंद करायला सांगा.

बाजारात घोडा घेणाऱ्यानं पण जपावं. मान खाली, ओठ लोंबलेला, पाय फाकलेले, थंडीत घाम, असा गरीब स्वभावाचा घोडा दिसला तर लगेच सौदा करू नका, चारपाच तासानं परत जाऊन पहा अन् डॉक्टर सोबत न्या.

खरं तर निम्म्या भित्र्या घोड्यांना औषध लागतच नाही. आधी दुखतं का ते पाहा, आयाळीखाली गोचीड, खोगिराची जखम, खुरात पू, दुखणारं दात, यातलं काही असेल तर ती खराऱ्याला लाथ मारणारच. दुखत नसेल तर रोज थोडं थोडं. मशीन लांब ठेवून चालू करायची, तोबरा लावायचा, शांत उभी राहिली का मशीन बंद. दुसऱ्या दिवशी थोडी जवळ. घाबरली असताना बंद करायची नाही, तर ती शांत झाली त्या क्षणाला बंद करायची, हे घोडी बरोबर शिकते. यात आठवडे जातात, पण सराई संपल्यावर आपल्याजवळ वेळच वेळ असतो.

आता पशुसंवर्धन विभागाला विनंती. कायदा आहे, १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानं नोंदणी असलेल्या डॉक्टरशिवाय कोणी जनावराला असा उपचार करू शकत नाही, अन् जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात जनावराला अपाय करणारं औषध देणं गुन्हा आहे. पण गरीब घोडीवाल्याला तालुक्याच्या दवाखान्यात घोड्यासाठी डॉक्टरच मोकळा नाही भेटला तर तो मेडिकलवरच जाणार. १९६२ या नंबरवर फोन केला की डॉक्टरची फिरती गाडी गाईम्हशीसाठी येते तशी घोड्यासाठीही यावी, अन् आलेल्या डॉक्टरजवळ गुंगी द्यायची अन् उतरवायची दोन्ही औषधं असावी. नागपूरला १९५८ पासूनचं पशुवैद्यक कॉलेज आहे, तिथले विद्यार्थी अन् मास्तर तुळशीच्या लग्नाच्या आधी दोनतीन तालुक्यात शिबिर घेऊ शकतात, खूर, दात, केस, धनुर्वाताची लस सगळं एका दिवसात होते. जागा अन् चहापाण्याची सोय आम्ही घोडीवाले करू. मेडिकलवाल्यांनीही चिठ्ठीशिवाय ही बाटली देऊ नये.

तुमच्या पेपरात हे छापलं तर निदान या सराईच्या आधी चार लोक वाचतील.

आपला नम्र,
एक घोडीवाला, जि. यवतमाळ