ऑर्डनन्सला ऑर्डिनन्स लिहिणे थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ३ वर अंबरनाथच्या कारखान्याची बातमी वाचली. शीर्षकात 'ऑर्डिनन्स फॅक्टरी', मजकुरात तेच आणि छायाचित्राच्या ओळीतही तेच. त्याच पानावर खाली राज्य सरकारच्या वटहुकमाची बातमी आहे, तिथे मात्र 'ऑर्डनन्स काढला' असे छापले आहे. रात्रपाळीला घाई असते हे मी समजू शकते. पण ही चूक तुमच्या अंकात मी कित्येक वर्षे वाचते आहे आणि आता राहवत नाही.

ऑर्डनन्स म्हणजे तोफा, दारूगोळा, लष्कराला लागणारी सामग्री. ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम. अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात तो. स्पेलिंगमध्ये फरक एका 'आय'चा. दोन्ही शब्द एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आले हे खरे, पण त्यांच्या वाटा वेगळ्या होऊन शतके लोटली. आज एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

किती चालत नाही ते आमच्या घराने भोगले आहे. माझे वडील अंबरनाथला टर्नर होते. ते गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद बँकेत दिले. तिथल्या माणसाने फॉर्म स्वतः टाइप केला आणि कारखान्याच्या नावात तो 'आय' घातला. आईचे शिक्षण सातवीपर्यंत, पण बाबांच्या पासवरचे नाव तिला अक्षरानिशी पाठ होते. तिने तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवले. उत्तर मिळाले, "आजी, एका अक्षराने काय होतंय!" झाले असे की पीपीओवरचे, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचे नाव आणि फॉर्मवरचे नाव जुळत नाही म्हणून सगळे कागद परत आले. मग नवा फॉर्म, नव्या सह्या, पुन्हा हयातीचा दाखला, पुन्हा तीच रांग. तेवढे महिने पेन्शन अडकली आणि आईच्या औषधांचा खर्च आम्ही भावंडांनी वाटून घेतला. ज्याने चूक केली त्याने साधे 'माफ करा' म्हटले नाही. उलट "पेपरातसुद्धा असंच लिहितात" असे तो मला म्हणाला. संपादक महाशय, त्याचे हे म्हणणे मला खोडता आले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

२०२१ साली तर दोन्ही शब्द एकाच बातमीत आले. जूनमध्ये केंद्राने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या करायचे ठरवले. संघटनांनी बेमुदत संपाची घोषणा केली. त्यावर ३० जूनला अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला. बेकायदा ठरवलेल्या संपात उतरणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कारखाना ऑर्डनन्सचा आणि त्याच्या कामगारांवर आलेला तो ऑर्डिनन्स. अशा वेळी 'ऑर्डिनन्सला कामगारांचा विरोध' असे कुणी लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजायचे? बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मला फोन करून विचारले होते, "ताई, बंद काय होणार आहे, फॅक्टरी की संप?" ज्यांचा मुलगा तिथे नोकरीला आहे त्यांना हे विचारावे लागले. पुढे ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑक्टोबरपासून बोर्ड संपले.

वटहुकूम हीसुद्धा हलक्या हाताने लिहायची गोष्ट नाही. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला सभागृहाची मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. बिहार सरकार तेच ते अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे चालवत होते. आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी ते शोधून काढले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने हा प्रकार घटनेशी प्रतारणा ठरवला. असा शब्द दारूगोळ्याच्या कारखान्याच्या पाटीवर लावणे बरोबर नाही.

शिवाय आपल्याकडे वटहुकूम आणि अध्यादेश असे दोन चांगले शब्द असताना बातमीत इंग्रजी शब्द हवाच कशाला? तो काढून टाकला की अर्धा घोळ संपतो. कारखान्याला आयुध निर्माणी म्हणा किंवा तिथले लोक म्हणतात तसे ऑर्डनन्स म्हणा, दोन्ही चालेल.

जाता जाता आणखी एक. कल्याणच्या पुढची बातमी मुंबई आवृत्तीत आली की ती अर्ध्या रकान्यात, तीही नावे तपासल्याशिवाय. अंबरनाथ-बदलापूरहून रोज लोकलला लोंबकळत मुंबईत येणारी माणसे तुमचाच पेपर घेतात. दक्षिण मुंबईतल्या एखाद्या इमारतीचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो. आमच्या कारखान्याचे नाव चुकले तर तोही येत नाही. महाराष्ट्रात असे दहा कारखाने आहेत: खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भद्रावती... भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, त्या दिवशीही माझ्या फोनवर आलेल्या बातम्यांत 'ऑर्डिनन्स'च होते. माणसे जिथे काम करताना गेली, त्या जागेचे नाव तरी नीट लिहायला हवे होते.

कालच्या दोन्ही बातम्यांची दुरुस्ती पान ३ वरच, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावी आणि दोन्ही शब्द संपादकीय विभागातल्या सर्वांना लेखी कळवावेत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई